त्यांनी घातलेत, म्हणून मी घालू का?

प्रश्न : मी महानगरपालिकेच्या शाळेतून मे महिन्यात निवृत्त झाले. वय ५८. जूनच्या मध्यात फंड, ग्रॅच्युइटी वगैरे मिळून ३८ लाख रुपये खात्यात आले. पेन्शन सुरू आहे. आमचे म्युच्युअल फंडाचे एजंट बऱ्याच वर्षांपासूनचे ओळखीचे आहेत. त्यांनी एका स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांच्या शेअरच्या) योजनेचा मेसेज पाठवला : 'फंडाच्या अधिकाऱ्यांनी स्वतःचे ६ कोटी या योजनेत घातलेत, कंपनीने २३ कोटी घातलेत, आणि एका संचालकाने याच फंड कंपनीचे ५,००० शेअर घेतलेत. आचारी स्वतः जेवतो तिथे डोळे मिटून जेवावं.' सोबत शेअर बाजाराच्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट आहे. योजनेत लोकांचे १८,००० कोटी आहेत म्हणे. माझा भाचा याच फंड हाउसच्या बीकेसीच्या ऑफिसात आहे. तोही म्हणतो, 'मावशी, आम्ही सगळेच घेतोय.' १५ लाख एकरकमी घालावेत का? शेअरही घ्यावेत का? आतल्या लोकांना काहीतरी ठाऊक असल्याशिवाय ते आपले पैसे कशाला घालतील?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, १५ लाख एकरकमी घालू नका, आणि शेअर तर या मेसेजच्या भरवशावर अजिबात घेऊ नका. मेसेजमधले आकडे खोटे आहेत असं आम्ही म्हणत नाही. बहुधा ते खरेच असतील. पण त्यातून जो अर्थ तुमच्या गळी उतरवला जातोय तो त्यात नाही. आचाऱ्याचंच उदाहरण घ्यायचं तर हॉटेलातल्या आचाऱ्याचं जेवण पगारातच धरलेलं असतं. तो तिथे जेवतो यावरून भाजी चांगली आहे हे ठरत नाही.

आधी ते ६ कोटी बघू. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २८ एप्रिल २०२१ रोजी परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते लागू केलं. फंड हाउसमधल्या ठरावीक पदांवरच्या लोकांना, म्हणजे सीईओ, फंड मॅनेजर, रिसर्चवाले, डीलर, खात्यांचे प्रमुख यांना, पगाराचा एक हिस्सा ते सांभाळत असलेल्या योजनांच्या युनिटमध्येच मिळायला हवा, असा तो नियम. कर आणि पीएफसारख्या कपाती वजा केल्यावर जे उरतं त्याच्या सरसकट २० टक्के. १ एप्रिल २०२५ पासून त्याचे टप्पे झाले. वर्षाचा पगार २५ लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही. २५ ते ५० लाखांना १० टक्के, ५० लाख ते १ कोटीला १४ टक्के, त्यावर १८ टक्के. कंपनीकडून मिळणारे ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क) हिशोबात धरले तर हेच आकडे १२.५, १७.५ आणि २२.५ होतात. या युनिटना साधारण तीन वर्षांचं लॉक-इन असतं, म्हणजे तोवर ती विकता येत नाहीत. अधिकाऱ्याने आचारसंहिता मोडली, फसवणूक केली किंवा घोर निष्काळजीपणा केला तर युनिट काढून घेऊन त्याचे पैसे योजनेत जमा करता येतात.

म्हणजे १ कोटी २० लाख पगार असलेल्या अधिकाऱ्याच्या हातात कर-कपात जाऊन समजा ८० लाख उरले, तर दर वर्षी १४ लाख ४० हजारांची युनिट त्याच्या नावावर पडतात, त्याला योजना आवडो वा न आवडो. तीन वर्षांत त्याचे ४३ लाख होतात. असे तेरा-चौदा जण असले की ६ कोटींच्या जवळपास पोचायला कोणाला काही 'ठाऊक' असावं लागत नाही.

यात आणखी एक खाच आहे. ज्या अधिकाऱ्याचा बऱ्याच योजनांशी संबंध असतो, त्याची रक्कम त्या योजनांच्या आकाराच्या प्रमाणात वाटली जाते. मोठी योजना असेल तर तिथे जास्त पैसे जातात. त्यामुळे '६ कोटी याच योजनेत' हे वाक्य बहुतेक वेळा एवढंच सांगतं की ही योजना घरातली मोठी योजना आहे. आणि १८,००० कोटींत ६ कोटी म्हणजे ०.०३३ टक्के. कोटींचा आकडा दिसला की आधी त्याला योजनेच्या एकूण रकमेने भागायचं, मग बोलायचं.

कंपनीच्या २३ कोटींची गोष्ट तर याहून सरळ आहे. फंड कंपनीने स्वतःच्या बहुतेक योजनांत आपले पैसे ठेवायलाच हवेत. किती, ते योजनेच्या रिस्कोमीटरवर, म्हणजे जोखमीच्या मापावर ठरतं : सर्वांत कमी जोखमीला ०.०३ टक्के, सर्वांत जास्त जोखमीला ०.१३ टक्के. स्मॉल कॅप योजना सर्वांत वरच्या, 'व्हेरी हाय' खान्यात असतात. १८,००० कोटींच्या ०.१३ टक्के किती होतात? २३ कोटी ४० लाख. मेसेज लिहिणाऱ्याने कंपनीचा विश्वास म्हणून जो आकडा दिला आहे तो जवळपास रुपयाला रुपया नियमाचा आकडा आहे. उलट बघा, जोखीम जितकी जास्त तितकी कंपनीला जास्त रक्कम ठेवावी लागते. त्यामुळे टक्केवारी मोठी दिसली तर ती आधी धोक्याची पातळी सांगते, मग बाकीचं.

मग आतल्या लोकांच्या पैशाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो सक्तीच्या पलीकडे घातलेल्या पैशाला. तो शोधायची जागा म्हणजे योजनेचं स्कीम इन्फर्मेशन डॉक्युमेंट. फंडाच्या वेबसाइटवर ते मिळतं. त्यात किंवा त्यातल्या लिंकवर एक छोटा तक्ता असतो, या योजनेत संचालक मंडळाची किती गुंतवणूक, फंड मॅनेजरची किती, इतर वरिष्ठांची किती. तारीख बघून घ्या, कधी कधी तो तक्ता बराच जुना असतो. याशिवाय सक्तीने घातलेल्या रकमेचा योजनावार एकत्रित आकडा वेगळा जाहीर होतो, तिमाही संपल्यावर १५ दिवसांच्या आत. दोन्ही आकडे समोर ठेवले की सक्तीचं किती आणि स्वखुशीचं किती याचा अंदाज बांधता येतो. पक्की वजाबाकी मात्र होणार नाही, कारण दोन्हीकडची माणसं तंतोतंत तीच नसतात. पराग पारिखसारखी फंड हाउस महिन्याच्या फॅक्टशीटमध्येच आतल्या लोकांची एकूण गुंतवणूक छापतात, त्यांच्या बाबतीत हा खटाटोप कमी.

या तक्त्याचा आम्ही उपयोग सुचवू तो उलट्या बाजूने. आकडा मोठा आहे म्हणून योजना घेऊ नका. पण चार-पाच वर्षं एकच मॅनेजर योजना सांभाळतोय आणि त्याच्या नावापुढे काही हजार रुपयेच दिसत असतील, तर एजंटाला कारण विचारा. कारण साधं असू शकतं, विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा : त्यांना काहीतरी ठाऊक असेल. हा विचार मुळात शेअरचा आहे आणि तिथे तो काही प्रमाणात बरोबरही आहे. शेअरची किंमत बाजार ठरवतो. कंपनीची खरी किंमत त्याहून जास्त आहे असं आतल्या माणसाला वाटलं तर तो स्वस्तात घेतो. ओपन-एंडेड (कधीही पैसे घालता-काढता येणाऱ्या) म्युच्युअल फंडात ही सोय कोणालाच नाही. सीईओ असो की तुम्ही, त्या दिवशीच्या एनएव्हीलाच, म्हणजे एका युनिटच्या मूल्यालाच युनिट मिळणार. स्वस्त-महाग असा प्रकारच नाही. शिवाय एनएव्ही म्हणजे पोटातल्या पन्नास-शंभर कंपन्यांच्या बाजारभावाची बेरीज, आणि त्या कंपन्यांच्या आतली बातमी फंड मॅनेजरकडे नसते. असली तर तो वेगळाच गुन्हा झाला.

हे जे 'फंडाच्या आतल्यांनी खरेदी केली, म्हणजे संधी' असं सांगणारं साहित्य फिरतं ते बरंचसं अमेरिकेतून येतं. तिथे क्लोज-एंड फंड (ज्यांची युनिट फंडाकडे परत देता येत नाहीत) शेअरसारखे बाजारात चालतात आणि अनेकदा एनएव्हीपेक्षा कमी भावात मिळतात. संचालकाने किंवा मॅनेजरने असे युनिट घेतले की दोन कामकाजाच्या दिवसांत फॉर्म ४ भरून तो व्यवहार जाहीर करावा लागतो, आणि लोक ते फॉर्म चाळत बसतात. १०० डॉलरचा माल ८८ ला मिळतोय आणि आतला माणूस खिशातून घेतोय, यात खरंच काहीतरी दडलेलं असू शकतं. आपल्याकडच्या जुन्या गुंतवणूकदारांना १९९४ चा मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंड आठवेल. मुंबईत अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या, जवळजवळ १००० कोटी गोळा झाले, योजना १५ वर्षांची बंद, आणि नंतर वर्षानुवर्षं युनिट एनएव्हीच्या खाली विकलं जात होतं. तसा माल आता आपल्याकडे रीट आणि इनविटमध्ये (भाड्याच्या इमारती, रस्ते, वीजवाहिन्या यांसारख्या मालमत्तांच्या, बाजारात नोंदलेल्या ट्रस्टमध्ये) दिसतो. तिथे एनएव्ही १४० आणि बाजारभाव ११९ असेल तर १५ टक्के सूट झाली. अशा वेळी मॅनेजर कंपनीच्या संचालकाने बाजारातून युनिट घेतले तर त्या नोंदीकडे बघायला हरकत नाही. तुमच्या स्मॉल कॅप योजनेला यातलं काहीच लागू नाही.

आता स्क्रीनशॉट. यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत आहे. फंड कंपनीचा शेअर आणि फंडाचं युनिट या एक नव्हेत. एचडीएफसी एएमसी, निप्पॉन, यूटीआय यांच्यासारख्या फंड कंपन्या स्वतः बाजारात नोंदलेल्या आहेत. त्यांचा शेअर घेणारा फीच्या उत्पन्नावर पैज लावतो. योजनेत जितके जास्त पैसे येतील तितकी फी जास्त. युनिट घेणारा योजनेच्या परताव्यावर अवलंबून असतो. बहुतेक वेळा दोघांचं हित एका दिशेला असतं, पण स्मॉल कॅपमध्ये ते फाटू शकतं. छोट्या कंपन्यांचे शेअर पटकन विकता येत नाहीत, योजना फुगली की मॅनेजरचे हात बांधले जातात, पण कंपनीची फी वाढतच राहते. म्हणूनच मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप योजनांना दर महिन्याला स्ट्रेस टेस्ट छापावी लागते : पोर्टफोलिओचा २५ टक्के आणि ५० टक्के भाग विकायला किती दिवस लागतील. तुमच्या योजनेचा हा आकडा फंडाच्या किंवा ॲम्फीच्या (फंड कंपन्यांच्या संघटनेच्या) वेबसाइटवर बघा. संचालकाच्या ५,००० शेअरपेक्षा तो तुमच्या कामाचा आहे.

आणि त्या ५,००० शेअरबद्दल : तुम्ही पाठवलेल्या चित्रात उजवीकडचा एक रकाना अर्धा कापला गेलाय, खरेदी कोणत्या मार्गाने झाली ते सांगणारा. जेवढी अक्षरं दिसताहेत ती 'ईसॉप' अशी लागतात. म्हणजे संचालकाने बाजारातून शेअर घेतलेले नाहीत. कंपनीने पूर्वी दिलेला हक्क वापरून, ठरलेल्या भावाने ते पदरात पाडून घेतले. तो भाव बाजारभावाच्या बराच खाली असू शकतो. ही खरेदी नव्हे, थकलेला मोबदला वसूल करणं आहे.

पूर्ण नोंद स्वतः बघायला पाच मिनिटं लागतात. बीएसईच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाका, कंपनीच्या पानावर 'डिस्क्लोजर्स' मध्ये 'इनसायडर ट्रेडिंग २०१५' उघडा. एनएसईवर 'कॉर्पोरेट फायलिंग्ज' मध्ये तेच मिळेल. प्रत्येक ओळीत व्यक्तीचं पद, आधी किती शेअर होते, किती घेतले, किती रुपयांना, नंतर किती झाले, तारीख आणि मार्ग दिलेला असतो. मार्ग 'मार्केट पर्चेस' असेल तरच पुढे वाचा. गिफ्ट, ऑफ मार्केट, इंटर-से ट्रान्सफर म्हणजे घरातल्या घरात हलवाहलव. मग घेतलेल्या शेअरना आधीच्या शेअरने भागा. चार लाख शेअर असलेल्याने ५,००० घेतले तर वाढ सव्वा टक्का, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रुपयांना शेअरच्या संख्येने भागलं की भाव निघतो, तो त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून बघा. आणि खालच्या-वरच्या ओळींत त्याच नावापुढे 'मार्केट सेल' आहे का बघा. ईसॉप घेतले की त्यावर कर भरावा लागतो, त्यासाठी बरेच जण काही शेअर विकतात. मेसेज पाठवणारा ती ओळ कधी पाठवत नाही.

तारखेवरूनही लोक फसतात. तिमाही संपली की आतल्या लोकांची ट्रेडिंग विंडो (कंपनीचे शेअर घ्यायची-विकायची मुभा) बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. त्यामुळे खरेदीच्या नोंदी निकालानंतरच्या दिवसांत दाटीवाटीने दिसतात. 'निकाल लागले आणि संचालक तुटून पडले' अशी बातमी त्यातून बनते, तर प्रत्यक्षात त्यांना दुसरा मुहूर्तच नसतो. उलट-सुलट व्यवहारालाही सहा महिने बंदी असते, आज घेतले तर सहा महिने विकता येत नाहीत. एका तिमाहीत १० लाखांपेक्षा कमी व्यवहार असेल तर तो बाजाराला कळवायची गरज नसते, म्हणून यादीत नाव नाही म्हणजे घेतलंच नाही असंही नाही.

फंडाच्या बाबतीत आतल्यांची खरेदी फारशी बोलत नाही, त्यांचं बाहेर पडणं मात्र बोलतं. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटन या फंड हाउसने सहा डेट योजना (कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या) एकदम बंद केल्या. सुमारे २५,००० कोटी अडकले. पुढे पैसे हप्त्याहप्त्याने परत आले, पण लोकांना थांबावं लागलं. त्या बंदीच्या आधी वरच्या वर्तुळातल्या काहींनी युनिट विकून पैसे काढून घेतले असा ठपका सेबीने ठेवला, २०२१ मध्ये दंड केला, प्रकरण अपिलात गेलं. डेट योजनेत कुठला कर्जदार डळमळतोय, मोठे खातेदार किती पैसे काढताहेत, हे आतल्याला आधी कळतं, आणि ती माहिती मौल्यवान असते. म्हणून १ नोव्हेंबर २०२४ पासून म्युच्युअल फंडाची युनिटही इनसायडर ट्रेडिंगच्या (आतल्या माहितीवर व्यवहार करण्याबाबतच्या) नियमांत आली. ठरावीक अधिकारी, विश्वस्त आणि त्यांच्या जवळच्या नातलगांकडे कोणत्या योजनेची किती युनिट आहेत याचा एकत्रित आकडा दर तिमाहीनंतर दहा दिवसांत शेअर बाजाराच्या वेबसाइटवर टाकावा लागतो. तिमाहीत १५ लाखांच्या वर व्यवहार झाले तर ते दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीच्या कंप्लायन्स ऑफिसरला कळवावे लागतात. तुमच्याकडे एखादी क्रेडिट रिस्क किंवा तत्सम डेट योजना असेल तर लागोपाठच्या दोन-तीन तिमाहींचे हे आकडे शेजारी ठेवून बघा. आकडा अचानक बराच खाली आला तर कारण विचारायला हवं. तेही ताबडतोब पुरावा मानू नका, एखादा वरिष्ठ नोकरी सोडून गेला तरी आकडा घसरतो.

तुमच्या १५ लाखांचं काय? ज्या अधिकाऱ्यांकडे बोट दाखवलं जातंय त्यांच्यापैकी बहुतेकांचा पगार चालू आहे आणि योजनेत असलेली रक्कम त्यांच्या मिळकतीचा एक छोटा तुकडा आहे. तुमचे १५ लाख म्हणजे ३८ लाखांतला ४० टक्के हिस्सा, आणि नवा पगार येणार नाही. स्मॉल कॅप निर्देशांक जानेवारी २०१८ ते मार्च २०२० मध्ये निम्म्याहून जास्त पडला होता. त्या सव्वादोन वर्षांत अधिकाऱ्याची युनिट लॉक-इनमध्ये पडून राहिली असती तरी त्याचा घरखर्च चालला असता. तुम्हाला मध्येच गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे लागले असते तर साडेसात लाखांना विकावी लागली असती.

आणि इथे एक मुदत चालू आहे, ती या सगळ्याहून निकडीची. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम एरवी साठीनंतर मिळते, पण ५५ ते ६० वयाच्या निवृत्तांना निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती उघडता येते. तुमचे पैसे जूनच्या मध्यात आले, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला खात्यात. पैसे कधी आणि किती मिळाले याचं शाळेच्या किंवा वॉर्ड ऑफिसच्या सहीचं पत्र लागेल, ते मिळवायला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यात अर्ज द्या. पॅन, आधार, दोन फोटो घेऊन पोस्टात किंवा बँकेत जा. आमच्या मते ३८ पैकी किमान २२ ते २५ लाख इथे जावेत. चार-पाच लाख बँकेत किंवा लिक्विड फंडात हाताशी ठेवा. उरलेले आठ ते बारा लाख सात वर्षं लागणार नाहीत याची खात्री असेल तरच शेअरच्या योजनांत, तेही एकदम नाही, वर्ष-दीड वर्षात दरमहा थोडे करून. त्यातही मोठा भाग लार्ज कॅप किंवा इंडेक्स फंडात. स्मॉल कॅपची हौस असेल तर दोन लाखांच्या वर नको.

एजंटाला राग येईल असं काही बोलायची गरज नाही. त्यांना तीन गोष्टी ईमेलवर विचारा : ६ कोटींपैकी सक्तीचे किती, या योजनेतून तुम्हाला दर वर्षी किती टक्के कमिशन मिळतं, आणि माझं वय, पेन्शन बघता ही योजना मला का योग्य आहे. लेखी उत्तर मागितलं की मेसेजची भाषा बहुधा बदलते.

राहिला भाचा. 'आम्ही सगळेच घेतोय' यात 'घेतोय' की 'मिळतंय' ते त्याचा पगार आणि त्याची खुर्ची यावर ठरेल. २५ लाखांच्या आत असेल तर त्याला सक्ती नाही, तो मनाने घेत असेल, आणि तरुण नोकरदाराला स्मॉल कॅप शोभतेही. पण यापुढे तो 'मावशी, अजून जाहीर व्हायचंय पण...' असं काही सांगायला लागला तर तिथेच थांबवा. जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती ज्याच्याकडे आहे तो कायद्याने इनसायडर, मग तो नोकरीला असो की मुलुंडची मावशी. दंड कमीत कमी १० लाखांपासून सुरू होतो, २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यांत जे जास्त असेल तिथपर्यंत जातो. त्याची नोकरीही जाईल. व्हॉट्सॲपवर त्याने आधी असं काही लिहिलं असेल तर त्यावर कोणताही व्यवहार करू नका आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.